अस्वलासाठी घेतलेला कोश: आठ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर अप्पा बळवंत चौकातून एक इंग्रजी कोलोकेशन कोश (कुठल्या शब्दासोबत कुठला शब्द शोभतो ते सांगणारा) घेतला, जुना, सातशे रुपयांना. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कुरकुर आहे. नवरा जंगलात फोटो काढतो, त्याखालच्या इंग्रजी ओळी माझ्या गळ्यात.

कोश घ्यायची पाळी आणली ताडोबातल्या अस्वलानं. ते डुलत डुलत रस्ता ओलांडून गेलं आणि मी लिहिलं, 'वॉक्ड स्विंगिंगली'. वाचून भाचीला अस्वलाऐवजी झोपाळा दिसला.

मराठीत क्रियापद बिचारं साधं असतं, सगळी गंमत त्याच्या आधी: तुरुतुरु पळतो, दबकत येतो, लुटुलुटु चालतं. इंग्रजी ती चाल क्रियापदाच्या पोटातच घालते. खेकडा 'स्कटल' करतो, बदक 'वॉडल', साप 'स्लिदर'. एकदा 'स्लिदर्ड' म्हटलं की सरपटणं सांगून झालं. पुढे फक्त दिशा द्यायची, 'इन्टू द ग्रास'. हे अंगवळणी पडायलाच दोन महिने गेले.

कोश वापरायला सोपा. 'स्नेक' काढा, खाली सापाला शोभणारी क्रियापदं हजर. 'हॉर्स'चं पान मी इतकं उलटलं की ते आता सुटं झालंय. पण 'ट्रॉट' आणि 'कॅन्टर'मधला फरक तिथे कळत नाही. तो घोडेस्वारी शिकणाऱ्या पुतण्यानं टेबलावर बोटं वाजवून दाखवला. ट्रॉटमध्ये समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीनं पडतात, म्हणून दोन ठोके. कॅन्टरचे तीन, गॅलपचे चार. म्हणजे आपली दुडकी ती ट्रॉट. नंतर रानकुत्र्याच्या एका फोटोत पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम उचललेला दिसला, आणि मी बेधडक 'ट्रॉटेड' लिहून टाकलं.

खरी कुरकुर ही, की शब्दाचा स्वभाव कोश सांगत नाही. पाणवठ्यावर निवांत आलेल्या वाघाला मी 'प्राउल्ड' लावलं. ओळखीच्या संपादकानं फोनवर झापलं: प्राउल म्हणजे सावज हेरत फिरणं, हा तर तहानलेला आहे! त्यांनी 'पॅडेड' केलं. मऊ पंजे, आवाज नाही. 'स्लिंक'मध्येही असाच चोरटेपणा आहे, तो बिबट्याला चालतो, हत्तीला नाही. शिवाय रानगवा, काळवीट, रानकुत्रा यांच्या नोंदीच नाहीत.

म्हणून हल्ली कोशातून शब्द उचलते आणि 'कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश'मध्ये पडताळते. १९९० ते २०१९ मधला, शंभर कोटींहून जास्त शब्दांचा मजकूर. शब्द प्रत्यक्ष वाक्यांत कसा बसतो ते दिसतं. मजकूर अमेरिकी आहे एवढं मात्र ध्यानात ठेवायचं.

अस्वलाची ओळ शेवटी अशी झाली: 'द स्लॉथ बेअर शॅम्बल्ड अक्रॉस द ट्रॅक.' पाय ओढत, बेढब चालणं त्यात आलं. नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "अगं, पण ते डुलत होतं ना?"