माहेरच्या खळ्यात पाच दिवस: भाड्याच्या मोटरहोमचा अनुभव

मे महिन्यात माहेरी जायचं तर झोपायचं कुठे, हा यंदा खरा प्रश्न होता. जांबोटीकडच्या आमच्या घराची शाकारणी काढलेली, अर्धी कौलं खाली, माजघरभर धूळ, आणि उरलेल्या खोलीत वहिनीच्या माहेरची माणसं. म्हणून पुण्याहूनच मोटरहोम घेतली. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, चौघं झोपतील अशी. ड्रायव्हरसकट दिवसाला 9 हजार, डिझेल वेगळं. अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे ना, एवढं मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर कोगनोळी ओलांडली की कर्नाटकाचा कर वेगळा.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. निपाणी, संकेश्वर करत बेळगाव गाठेपर्यंत वरची कपाटं खडखडत होती, बस्स. खरी गंमत गावच्या पाणंदीत. छपरावरच्या एसीसकट गाडी जवळजवळ दहा फूट उंच. फणसाच्या फांदीने मागच्या बाजूला हातभर ओरखडा काढला आणि डिपॉझिटमधले दोन हजार तिथेच गेले.

‘रात्रभर एसी चालतो मॅडम,’ असं गाडीवाल्याने सांगितलं होतं. बॅटरी 12 व्होल्टची, 200 अँपिअर-अवर, म्हणजे 2400 वॅट-तास. एसी हजारेक वॅट खेचतो. दोन तासांत गपगार. घरातल्या 5 अँपिअरच्या जुन्या प्लगला वायर लावली तर फ्यूजच उडाला, मग दादाने मोटरच्या जाड प्लगवरून लाइन ओढून दिली. तिसऱ्या संध्याकाळी वळीव आला आणि लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पण त्या रात्री खिडक्यांच्या जाळ्या उघड्या टाकल्या, बॅटरीवरचा छोटा पंखा लावला आणि पहाटे पोरांनी गोधड्या मागितल्या. इथे एसीसाठी पैसे मोजायची गरज नाही, हे माहेरवाशिणीला तरी कळायला हवं होतं.

पाण्याची टाकी 100 लिटरची. मलप्रभा उगवते ते कणकुंबी आमच्यापासून जवळ, पावसाळ्यात नुसती धुवाधार, तरी मेमध्ये आमच्या विहिरीचा तळ दिसतो. वहिनी घागरी ओतत असताना आई दारात उभी. ‘ह्याच्या पोटात किती घागरी जातात गं?’ दहा. मी लाजून अंघोळी घरच्या न्हाणीतच सुरू केल्या.

आता संडास. सीटखाली वीसेक लिटरची पेटी असते, चाकांची, सुटकेससारखी ओढत न्यायची. कुठे ओतायची विचारलं तर फोनवर उत्तर आलं, ‘शेतात ओता की.’ असं कोणी करतं का! घरच्या सेप्टिक टाकीत ओतायचं ठरलं, पण सोबत दिलेलं निळं औषध त्या टाकीतल्या जंतूंना मारक, म्हणून ते पहिल्या दिवसानंतर घातलंच नाही. पेटी रोज रिकामी केली. म्हणजे नवऱ्याने केली. सकाळी सातला जावईबापू खळ्यातून पेटी ओढत निघाले की शेजारच्या काकूंपासून सगळे हातातली कामं सोडून बघायचे. आई तर पदर तोंडाला लावून आत पळायची. ‘जावयाला ही कामं लावतीस व्हय!’

आणि तरीही याच संडासापायी मी गाडीला पाचातले चार देते. आबांचे गुडघे गेले दोन वर्षं वाकत नाहीत. घरचा संडास खाली बसायचा, त्यामुळे सकाळ म्हटली की त्यांच्या कपाळाला आठी. पहिल्या दिवशी नातवाने त्यांना गाडी दाखवायला नेलं; पायरी उंच पडली म्हणून दादाने खाली एक चिरा टाकला. आबा आत गेले ते पेपर घेऊनच. नंतर पाचही दिवस काठी टेकत हजर, आणि बाहेर आल्यावर कोणी न विचारता, ‘झ्याक आहे.’ बेडची गादी पातळ, शेगडीचं एक बर्नर बंद, सगळं खरं. पण आबांना एवढं खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

निघायच्या सकाळी सामान भरत होतो, तेवढ्यात दादा टेप घेऊन आत शिरला. कमोडची उंची मोजली आणि तिथूनच गवंड्याला फोन लावला.