कमर ९८ च्या स्की आणि माझा उजवा गुडघा: एका सीझननंतर

म्युनिकला राहतो, त्यामुळे शनिवारी पहाटे निघून ऑस्ट्रिया गाठायची सवय. नोव्हेंबरच्या सेलमध्ये ऑल-माउंटन स्की घेतल्या, कमर (म्हणजे स्कीची मधली, सगळ्यांत अरुंद जागेची रुंदी) ९८ मिलिमीटर. "एकच जोडी, सगळ्या बर्फाला चालते," दुकानदार म्हणाला. दुसऱ्या जोडीचे पैसे वाचणार म्हटल्यावर पुढचं मी ऐकलंच नाही.

जानेवारीत ऑस्ट्रियातल्या त्सिलरटालमध्ये तिसऱ्या दिवशी उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला. हॉटेलचा जिना कठडा धरून उतरलो. दुकानात तक्रार केली तर म्हणे टेक्निक सुधारा. बारा वर्षं स्की करतोय हो! ९० युरोंचे इनसोल घातले, काडीचा फरक नाही.

मग एक दिवस ७० कमरेच्या कार्व्हर, म्हणजे कडक बर्फावर वळायच्या अरुंद स्की, भाड्याने घेतल्या. तोच उतार, तोच सकाळचा काचेसारखा बर्फ. गुडघा गप्प! रात्री फुटपट्टी घेऊन बसलो. बुटाचा सोल पुढे ६९ मिलिमीटर. म्हणजे ७० च्या स्कीची एज (कडेची धातूची धार) जवळजवळ सोलच्या कडेखालीच येते, ९८ ची साडेचौदा मिलिमीटर बाहेर जाते. कडक बर्फावर वळताना सगळा भार त्या एजवर. ती पायाच्या मध्यापासून जितकी लांब, तितकी स्की सपाट व्हायला बघते. तिला तिरकी धरून ठेवायचं काम पायाचं, आणि घोटा तर बुटात आवळलेला. पीळ मग गुडघ्यात जातो.

बूट स्कीला पकडून ठेवणारं बाइंडिंग पडताना सुटेल या भरवशावर राहू नका. नेहमीचं बाइंडिंग पुढून आडवं सुटतं, टाचेकडून वर. ते मुख्यतः नडगी वाचवतं. मागे बसून पडताना गुडघा पिळला तर ते सुटेलच असं नाही. शिवाय पन्नाशीनंतर तक्त्यातला डिन आकडा (बाइंडिंग किती जोराला सुटेल ते ठरवणारा) एक पायरी खाली घ्यायचा असतो. माझं वय ५१, दुकानात कुणी विचारलंसुद्धा नाही.

एवढं फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं, स्की विकायची जाहिरातही टाकली होती. मार्चमध्ये रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी त्याच स्की लोण्यातून सुरी जावी तशा गेल्या. भुसभुशीत बर्फात भार अख्ख्या तळावर पसरतो, एजचा प्रश्नच उरत नाही. जाहिरात काढली.

आता कडक बर्फ असेल त्या दिवशी कार्व्हर भाड्याने. तीन सीझनच्या भाड्यात दुसरी जोडी आली असती, हे बायकोने सांगायच्या आधी मीच वहीत लिहून ठेवलंय.