पूर्णवेळ पाळक, प्रभारी पाळक की घराच्या बदल्यात सेवा: बाजाराच्या गावातल्या जुन्या चर्चने काय निवडावं?

आमच्या गावात बुधवारी बाजार भरतो. मासेवाल्याची गाडी चर्चच्या फाटकाला खेटून उभी असते आणि पाऊस आला की अर्धा बाजार चर्चच्या पोर्चमध्ये शिरतो. इंग्लंडच्या मध्यभागातलं हे छोटं गाव. चर्च मध्ययुगातलं, लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशातून वाढवलेलं. सात महिने झाले, या चर्चला पाळक नाही. आधीच्या व्हिकरबाई सत्तर वर्षांच्या झाल्या आणि नियमाप्रमाणे निवृत्त झाल्या. जागेची जाहिरात दिली, तर एकही अर्ज आला नाही. आता पॅरोकियल चर्च कौन्सिलपुढे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी जी समिती इथे सगळे पीसीसी म्हणून ओळखतात तिच्यापुढे, तीन वाटा आहेत. निवडीत पॅरिशचे, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या मंडळीचे, जे दोन प्रतिनिधी बसतात, त्यांतली एक मी.

आपल्या मराठी मंडळींतले आणखीही काही जण इथल्या चर्चच्या कारभारात आहेत. त्यांच्यावर हीच वेळ येईल तेव्हा उपयोगी पडावं म्हणून हे तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहते.

माझं बालपण पुण्यात गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात गेलं, म्हणजे पंचहौदात. तिथे पाळक निवडायचा असतो हे आम्हांला माहीतच नव्हतं. बिशपसाहेबांचं बदलीचं पत्र यायचं, जुन्या पाळकसाहेबांना हार घालून निरोप द्यायचा आणि पुढच्या रविवारी नवे साहेब वेदीपाशी उभे दिसायचे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि चर्च ऑफ इंग्लंड एकाच अँग्लिकन कुटुंबातले, पण या बाबतीत दोन घरच्या रीती अगदी वेगळ्या आहेत. इथे जागा रिकामी झाल्याची अधिकृत सूचना मिळाली की पीसीसीला चार आठवड्यांच्या आत सभा घ्यावी लागते. गावाची स्थिती, गरजा आणि परंपरा सांगणारं निवेदन तयार करायचं, दोन प्रतिनिधी नेमायचे, जाहिरात हवी की नको ते कळवायचं. या सभेला मावळते पाळक बसू शकत नाहीत, त्यांचा जोडीदारही नाही. हे सगळं १९८६ च्या पेट्रनेज कायद्यातून येतं. पेट्रन म्हणजे पाळकाचं नाव सुचवण्याचा परंपरागत हक्क ज्याच्याकडे असतो तो. कुठे तो बिशप असतो, कुठे ऑक्सफर्ड-केंब्रिजचं एखादं कॉलेज, कुठे राजसत्ता, कुठे एखादं जमीनदार घराणं.

पहिली वाट म्हणजे पुन्हा जाहिरात देऊन पूर्णवेळ इन्कम्बंट शोधणं. इन्कम्बंट म्हणजे जागेचा पूर्ण अधिकारी पाळक. स्टायपेंड, म्हणजे मानधन, आणि व्हिकरेज, म्हणजे पाळकाचं घर, मिळतं, नेमणूक साधारणपणे मुदतीची नसते. या वाटेवरची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आमचा शब्द. बिशप आणि पॅरिशचे प्रतिनिधी संमती देत नाहीत तोवर पेट्रनला कुणालाही जागा देऊ करता येत नाही. नकार दिला तर लेखी कारणं द्यावी लागतात आणि पेट्रन आर्चबिशपकडे दाद मागू शकतो. म्हणजे नकार हे खरं हत्यार आहे, पण जबाबदारीने वापरायचं. एक सावधगिरी मात्र ठेवा. ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही, तर संमती आहे असंच धरलं जातं. सुट्टीवर जाणार असाल तर तारखा आधी पाहून घ्या.

दुसरी वाट आमच्या आर्चडीकनसाहेबांनी, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाळकांनी, सुचवली. पेट्रनचा हक्क बिशपने तूर्त स्थगित करायचा, शेजारची चार खेडी आमच्याशी जोडायची की नाही याचा विचार चालू ठेवायचा आणि तोवर प्रीस्ट-इन-चार्ज, म्हणजे प्रभारी पाळक नेमायचा. ही स्थगिती एका वेळी पाच वर्षांपर्यंत असू शकते, पुढे वाढवताही येते. बिशप पीसीसीशी सल्लामसलत करतात, मुलाखतीला बोलावतातही, पण नकाराचा कायदेशीर हक्क इथे आपल्याकडे उरत नाही. रविवारी वेदीपाशी उभा राहणारा माणूस दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून पीसीसीतल्या अनेकांना हा फरक किरकोळ वाटला. मला वाटत नाही. प्रभारी पाळकाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की त्याची जागा अजून कागदावर ठरायची आहे. गावालाही ते माहीत असतं. शाळेचे गव्हर्नर, नगरपरिषद, फूड बँक चालवणारे लोक अशा माणसाबरोबर पाच वर्षांचं काम आखायला बिचकतात.

तरीही ही वाट टाकाऊ नाही. खेड्यांतली चर्चं इतकी लहान झाली असतील की जोडणी अटळ आहे, तर आधी जोडणी ठरवून मग माणूस आणणं हे त्या माणसावर अन्याय न करणारं आहे. वर्षभराने येऊन त्याला सांगायचं की आता आणखी चार चर्चं, चार पीसीसी आणि चार स्मशानं तुमच्याकडे, हे बरोबर नाही.

तिसरी वाट हाउस फॉर ड्यूटी. पगार नाही. राहायला व्हिकरेज, त्या बदल्यात रविवार आणि आठवड्यातले साधारण दोन दिवस सेवा. बहुतेकदा निवृत्त किंवा निवृत्तीच्या जवळ आलेले पाळक ही जागा घेतात. खेड्यात, जिथे महिन्याला एखादी अंत्यविधीची सेवा आणि वर्षाला दोन लग्नं असतात, तिथे यासारखी सोय नाही. मी अशा एका पाळकांकडून प्रभुभोजन घेतलं आहे आणि त्यांची शांत, घाई नसलेली उपासना अजून आठवते. पण बाजाराच्या गावाला दोन दिवस पुरत नाहीत. आमच्याकडे प्राथमिक शाळा आहे, दोन वृद्धाश्रम आहेत, बाप्तिस्म्याला येणारी अशी कुटुंबं आहेत जी रविवारी कधी दिसत नाहीत. या सगळ्यांना पाळक भेटतो तो मंगळवारी, गुरुवारी आणि बाजाराच्या दिवशी. पैसे वाचतात हे खरं, पण डायोसिसला, म्हणजे बिशपच्या प्रांताला, द्यायच्या पॅरिश शेअरचा, म्हणजे वर्गणीचा, आकडा खाली येतो म्हणून आपण गावाचे बाकीचे दिवस विकतो, हेही खरं.

म्हणून माझा कौल पहिल्या वाटेला आहे. त्याला एक मोठी अट आहे, कारण पहिल्या जाहिरातीला अर्ज का आला नाही याचं उत्तर माझ्या मते आम्ही लिहिलेल्या पॅरिश प्रोफाइलमध्येच, म्हणजे गावाची ओळख करून देणाऱ्या त्या निवेदनातच, होतं.

त्या प्रोफाइलमध्ये आम्ही इमारतीवर सात पानं लिहिली होती. कोरीव छत, पितळी स्मृतिपट्टे, घंटांचा संच, ऑर्गन. माणसांवर दीड पान. वाचणाऱ्या पाळकाला काय दिसलं असेल? की या लोकांना इमारतीचा राखणदार हवा आहे. अशा इमारतीची जबाबदारी काय असते हे पाळकांना पक्कं ठाऊक असतं. दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाची तपासणी, त्यात निघालेल्या दुरुस्त्यांची लांबलचक यादी, आणि बाक हलवायचे म्हटले तरी डायोसिसच्या चॅन्सलरची, म्हणजे चर्चच्या न्यायाधीशाची, फॅकल्टी, म्हणजे लेखी परवानगी. छताच्या निधीसाठी आपण आयुष्याची दहा वर्षं द्यायची का, असं त्यांनी स्वतःला विचारलं असेल, तर चूक त्यांची नाही.

इमारत सांभाळणारा हवा की गाव सांभाळणारा, ही खरी तुलना आहे असं मला आता वाटतं, आणि इथे दोन जुनी उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहेत.

पहिलं वाँटेजचं. ऑक्सफर्डशायरमधलं बाजाराचं गाव, चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा. १८४० च्या दशकात विंडसरच्या डीन आणि कॅनन मंडळींनी, म्हणजे तिथल्या वरिष्ठ पाळकांनी, पेट्रन म्हणून तिथे विल्यम बटलर यांना नेमलं. ते तीस वर्षांहून अधिक काळ राहिले. शाळा उभ्या केल्या, आणि १८४८ मध्ये सिस्टरांचा एक संघ सुरू केला. त्याच संघाच्या सिस्टर १८७७ मध्ये पुण्याला आल्या. पंडिता रमाबाईंना त्या पुण्यात भेटल्या, रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिथे त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. पंचहौदातल्या माझ्या आजीला ‘वाँटेज सिस्टर’ हे शब्द माहीत होते, वाँटेज कुठे आहे ते मात्र तिला कधी कळलं नाही. एका बाजाराच्या गावाला योग्य व्हिकर मिळाला आणि त्याचं पाणी गुरुवार पेठेपर्यंत पोचलं. बटलरांनी चर्चची इमारतही दुरुस्त करून घेतली, पण त्यांची आठवण निघते ती माणसांमुळे.

दुसरं उदाहरण एसेक्समधल्या थॅक्स्टेडचं. तिथे पेट्रन होत्या वॉरिकच्या काउंटेस, समाजवादी विचारांच्या. त्यांनी १९१० मध्ये आपल्याच विचारांच्या कॉनराड नोएल यांना नेमलं. नोएल १९४२ मध्ये वारले तोवर तिथेच होते. त्यांनी उपासना सुंदर केली, संगीत आणि लोकनृत्य चर्चच्या जीवनात आणलं. संगीतकार गुस्टाव्ह होल्स्ट तिथेच राहत होते, १९१६ चा पेंटेकॉस्टचा संगीतोत्सव त्यांनी नोएल यांच्या चर्चमध्येच भरवला. पण नोएल यांनी चर्चमध्ये लाल झेंडा आणि आयरिश स्वातंत्र्यवाद्यांचा झेंडाही लावला. १९२१ मध्ये त्यावरून गावात मारामारीपर्यंत वेळ आली, आणि धर्मन्यायालयाच्या निकालानंतरच ते झेंडे उतरले. मला नोएल आवडतात, हे कबूल करते. तरी त्या गावाला कुणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं. आज आपल्या हाती संमतीचा हक्क आहे. तो वापरायचा तर आपल्याला काय हवं आहे हे आधी स्पष्ट असायला हवं, नाहीतर मुलाखतीत जो छान बोलेल त्याच्या मागे आपण जाऊ.

मुलाखतीत मी काय पाहणार हे मी ठरवलं आहे. उमेदवार सहसा आदल्या दिवशी गाव पाहायला येतात. त्यांना चर्च दाखवायला चर्चवॉर्डन, म्हणजे मंडळीने निवडलेले कारभारी, आहेतच. मी त्यांना बाजारात नेणार, आणि ते कुणाशी कसे बोलतात ते पाहणार. लहान मुलांशी, कुत्रा घेऊन बसलेल्या बेघर माणसाशी, पोर्चमध्ये सिगरेट ओढणाऱ्या पोरांशी. दोन प्रश्न मात्र सगळ्यांना सारखेच विचारणार: गेल्या वर्षी तुम्ही कुणाच्या घरी सगळ्यात जास्त वेळा गेलात, आणि एखादं काम बंद करायचं धाडस तुम्ही कधी केलं? चर्चमध्ये नवीन काम सुरू करणारे भरपूर असतात. थकलेल्या मंडळीवरचं ओझं उतरवणारे थोडे.

बाई की पुरुष, हा प्रश्न आमच्याकडे नाही. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा १९९४ पासून मिळते आणि आमच्या आधीच्या व्हिकर बाईच होत्या. पण काही पॅरिशांनी फक्त पुरुष पाळकच हवा असा ठराव केलेला असतो. तुमच्याकडे असा जुना ठराव आहे का, हे पहिल्याच सभेत तपासा. तो अर्जदारांना उशिरा कळणं त्यांच्यावर अन्याय आहे.

वाट पाहण्याचीही किंमत असते, ती लपवणार नाही. पाळक नसताना कारभार चर्चवॉर्डन आणि रूरल डीन, म्हणजे आसपासच्या पॅरिशांवर देखरेख ठेवणारे पाळक, यांच्यावर येतो. आमचे चर्चवॉर्डन दर शुक्रवारी पुढच्या रविवारसाठी निवृत्त पाळकांना फोन करत बसतात. दुसऱ्या जाहिरातीवर कुणी मिळालं, तरी पाळकांना आधीच्या जागी तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे दाराशी उभं राहायला आणखी अर्धं वर्ष सहज जातं. मुदत संपेपर्यंत नाव पुढे आलं नाही, तर निवडीचा हक्क आर्चबिशपकडे जातो. म्हणून पीसीसीत काही जण म्हणतात, जो मिळेल तो घ्या. मी त्यांना एवढंच सांगते की चुकीच्या पाळकाबरोबर काढलेली सात वर्षं या सात महिन्यांपेक्षा फार लांब असतात.

गेल्या मंगळवारी मतदान झालं. पूर्णवेळ जागेची दुसरी जाहिरात द्यायचं ठरलं. खेड्यांचा प्रश्न प्रोफाइलमध्येच उघड लिहायचा, म्हणजे येणाऱ्याला काहीच आडून कळणार नाही. पहिलं पान मी लिहिलं आहे. ते बुधवारच्या बाजारापासून सुरू होतं. इमारतीला दोन पानं ठेवली आहेत, तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे.

नव्या इन्कम्बंटला बिशप अधिकार देतात, मग आर्चडीकन त्याचा हात धरून चर्चच्या दारावर ठेवतात आणि तो स्वतः घंटा वाजवतो. जितके टोले, तितकी वर्षं तो राहणार, असं इथले लोक मोजतात. आमचा घंटा वाजवणारा गट त्या दिवसासाठी आत्तापासूनच दोर तपासून ठेवतो आहे.