सिग्नलची निविदा काढण्याआधी: नाशिकसाठी वापरून पाहिलेले 'रॅड-आयटी'

अमेरिकेच्या परिवहन विभागाने विनामूल्य उपलब्ध करून दिलेले 'रॅड-आयटी' हे विंडोज संगणकावर चालणारे साधन आम्ही तिघा वाहतूक अभियंत्यांनी गेल्या पावसाळ्यात नाशिक शहरावर, केवळ सराव म्हणून, चालवून पाहिले. एखाद्या प्रदेशाच्या बुद्धिमान वाहतूक व्यवस्थेत, म्हणजे सिग्नल, बस आणि नियंत्रण कक्ष यांना माहितीने जोडणाऱ्या व्यवस्थेत, कोणत्या यंत्रणा असाव्यात, त्या कोणाच्या ताब्यात राहाव्यात आणि त्यांच्यात कोणती माहिती जावी-यावी, याचा आराखडा त्यातून तयार होतो. जुन्या 'टर्बो आर्किटेक्चर'ची जागा त्याने २०१७ मध्ये घेतली. त्याचा पाया असलेला 'आर्क-आयटी' हा संदर्भ-आराखडा एकाच व्यवस्थेकडे संस्था, कार्ये, प्रत्यक्ष उपकरणे आणि दळणवळण अशा चार अंगांनी पाहतो.

कामाची सुरुवात उपकरणांपासून होत नाही, संस्थांपासून होते, आणि मला या साधनाचे सर्वांत मोठे बळ तेच वाटते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे मिळतात त्या द्वारका चौकापुरता विचार केला तरी महापालिका, पोलिसांची वाहतूक शाखा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, एसटी, शहर बससेवा सिटीलिंक आणि १०८ रुग्णवाहिका सेवा एवढी नावे पहिल्याच पानावर लिहावी लागली. त्यानंतर प्रत्येकाकडची यंत्रणा नोंदवायची आणि ती 'अस्तित्वात' आहे की 'नियोजित' हे ठरवायचे. सिटीलिंकची बससेवा जुलै २०२१ पासून धावत असल्याने तिची नोंद सोपी गेली. इतर नोंदींवर मात्र आमच्यातच वाद झाले.

हव्या त्या सेवा निवडल्या, की त्यांसाठी लागणारे माहितीचे प्रवाह साधन स्वतःच सुचवते आणि त्यांतला प्रत्येक ठेवायचा की वगळायचा हे आपण ठरवायचे असते. वाहतूक नियंत्रण केंद्राकडून बस नियंत्रण केंद्राकडे रस्त्यांची सद्यस्थिती जावी, अशी एक साधी ओळ त्या यादीत होती. रामकुंडाकडचा रस्ता गर्दीमुळे अचानक बंद केला, तर तपोवन डेपोतून निघालेल्या चालकाला ते कोण सांगणार आणि किती मिनिटांत, असा प्रश्न माझ्या सहकारिणीने विचारला. खात्रीचे उत्तर तिघांपैकी एकाकडेही नव्हते, त्यामुळे 'अस्तित्वात' हा पर्याय निवडायला हात धजेना. त्या एका ओळीवर आम्ही अर्धा तास बोललो, आणि तो अर्धा तास मला संपूर्ण सरावात सर्वाधिक मोलाचा वाटतो.

या ओळींचे मोल मला एका जुन्या अनुभवामुळे कळते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात मी ज्या सिग्नल प्रकल्पावर होतो, तिथे निविदेत 'नियंत्रण कक्षाशी जोडता यावे' एवढेच वाक्य होते. चौकांतले सिग्नल चालवणारे कंट्रोलर बसवून झाल्यावर ते आणि कक्षातील प्रणाली वेगवेगळे प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीचे नियम, वापरतात हे उघड झाले, आणि प्रत्येक चौकात मधला दुवा म्हणून आणखी एक उपकरण विकत घ्यावे लागले. जोडण्या आणि मानके आधी कागदावर आली असती, तर तो खर्च टळला असता.

उणिवाही गंभीर आहेत. सेवांची आखणी अमेरिकी रस्त्यांच्या अनुभवातून झालेली असल्याने रिक्षा आणि सिंहस्थातला पायी चालणारा प्रचंड जनसमुदाय त्यात नीट बसत नाही; त्यासाठीच्या आवश्यकता आणि प्रवाह आपणच लिहावे लागतात. मानकांच्या पानावर सिग्नलसारखी उपकरणे आणि नियंत्रण केंद्र यांच्यातील संवादासाठीचे अमेरिकी एनटीसीआयपी आपोआप येते, पण आपल्याकडच्या प्रवासी वाहनांतील मागोवा यंत्र आणि आपत्कालीन बटण यांसाठीचे एआयएस-१४० येत नाही. सर्व परिभाषा इंग्रजी असल्यामुळे चौकातल्या हवालदाराशी बोलण्याआधी मराठी शब्दसूची करून घ्यावी लागते. सगळ्या जोडण्यांची एकत्र आकृती तर रेषांच्या गुंत्यामुळे वाचताच येत नाही. एकेका संस्थेपुरती काढली तरच ती बैठकीत दाखवता येते.

हेही लक्षात ठेवावे, की प्रणाली अभियांत्रिकीत प्रकल्पाचे टप्पे दाखवणाऱ्या व्ही आकाराच्या प्रसिद्ध आकृतीतली कार्यसंकल्पना, आवश्यकता, रचना, जोडणी, पडताळणी ही पुढची वाट हे साधन चालून देत नाही. ते तिच्या सुरुवातीलाच थांबते. एकेका प्रकल्पाच्या तपशिलासाठी 'सेट-आयटी' हे वेगळे साधन आहे. अमेरिकेत महामार्ग निधीतून होणाऱ्या अशा प्रकल्पांना २००१ च्या नियमानुसार प्रादेशिक आराखडा आणि प्रणाली अभियांत्रिकीचे विश्लेषण बंधनकारक आहे. आपण ते स्वेच्छेने करणार असल्यामुळे मला करारांचे पान, म्हणजे कोणती संस्था कोणाला काय देण्याचे लेखी मान्य करते ते पान, सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पालिकांच्या वाहतूक कक्षांना, सल्लागारांना आणि स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हे साधन निःसंकोचपणे सुचवीन. मात्र संपूर्ण शहर एकदम भरायला घेऊ नये. द्वारका, तपोवन आणि रामकुंड एवढाच पट्टा घ्यावा, संबंधित संस्थांच्या माणसांना एका टेबलाभोवती बसवावे आणि २०२७ च्या सिंहस्थासाठीची खरेदी ठरण्याआधी जोडण्यांची यादी त्यांच्याकडून ओळीओळीने तपासून घ्यावी.