नळी झकास, क्लिपा टाकाऊ

आधीच सांगून टाकतो. हीटर बायपासच्या, म्हणजे गाडीचा हीटर वगळून कूलंट परत फिरवण्याच्या, या किटमधल्या रबरी नळीला मी पाचपैकी पाच तारे देईन आणि क्लिपांना एकही नाही. दोन्ही एकाच पाकिटात येतात, म्हणून तीन.

गाडी सतरा वर्षांची. पहिली शंका हिला आली. "गाडीत कसला तरी गोडूस वास येतोय," असं ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा मी फक्त खिडकी खाली केली. मग काचेवर आतून चिकट धुकं धरायला लागलं. पुसावं तितकं पसरायचं. शेवटी तिच्या पायाखालचं कार्पेट दाबून पाहिलं तर हिरवं पाणी वर आलं. गाडीखाली थेंब नाही, पण टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आठवड्याला बोटभर उतरत होतं. हीटर कोअर गेला होता. गरम कूलंटवर गाडीतली हवा तापवणारा हा एवढासा रेडिएटर, पण बसवलाय डॅशबोर्डच्या पोटात. माझ्या गाडीत तो बदलायचा म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा.

म्हणून बायपास. कूलंट कोअरपर्यंत जाऊच द्यायचं नाही, इंजिनापाशीच परत फिरवायचं. इंजिनावरच्या हीटरच्या दोन्ही तोंडांना बूच मारून मोकळं व्हा, असा सल्ला मलाही मिळाला होता. पण काही इंजिनांत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत मोठ्या रेडिएटरची वाट अडवणारी झडप, बंद असताना पाणी हीटरच्याच वाटेने फिरतं, तिथे बूच मारणं म्हणजे नवं दुखणं ओढवून घेणं. मी आधी साध्या नळीचा तुकडा वाकवून लावला. गरम झाल्यावर तो वळणावर चिमटला आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. किटमधली नळी मुळातच यू आकारात घडवलेली आहे. वळणावरही पोकळी पूर्ण राहते. पैसे द्यायचे ते या वळणाचे.

घेण्याआधी इंजिनावरची दोन्ही तोंडं मोजा. पुष्कळ गाड्यांत एक 16 मिमीचं आणि दुसरं 19 मिमीचं असतं, आणि हे किट दोन्हीकडे सारख्याच मापाचं येतं. माझी दोन्ही 16 ची निघाली, हे नशीब. जुनी नळी ओढून काढू नका. आतलं तोंड प्लास्टिकचं असेल तर तेही हातात येईल. ब्लेडने नळीला उभी चीर द्या, खालच्या तोंडावर ओरखडा न पाडता.

आता क्लिपा. स्क्रूने आवळायच्या पट्ट्या, त्याही आरपार खाचांच्या. आवळलं की रबर खाचांतून वर येतं आणि कापलं जातं. एकीचा स्क्रू तर पहिल्याच दिवशी नुसता फिरायला लागला. मी जुन्या स्प्रिंगच्या क्लिपा परत लावल्या. रबर तापून फुगो की गार होऊन आकसो, त्या दाब सोडत नाहीत.

कोअरच्या उघड्या तोंडांना लावायला टोप्या दिलेल्या नाहीत. आत उरलेलं कूलंट पुढचे दोन दिवस कार्पेटवर ठिबकत राहिलं. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे मांजराला दोन दिवस गाडीपासून लांब ठेवावं लागलं.

माहितीपत्रकात हवा काढण्याबद्दल अवाक्षर नाही. नळी बदलली की आत हवा अडकतेच. मला दोनदा इंजिन चालवून, पूर्ण गार करून, पुन्हा टाकी भरावी लागली. 'गार इंजिनावरच झाकण उघडा' हे वाक्य मात्र आहे, सगळ्यात बारीक अक्षरात. आत साधारण एक बारचा दाब असतो. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. ते वाक्य पाकिटावर ठळक छापायला हवं होतं.

आठ महिने झाले, गळती नाही, काटा जागेवर. गरम हवा अर्थातच नाही. धुकं धरलं की एसी लावतो. हवा कोरडी होऊन काच साफ होते, पण वेळ लागतो आणि बोटं गारठतात. काचेवर बर्फ साचतं अशा ठिकाणी गाडी चालवत असाल तर हे किट घेऊ नका, कोअरच बदला.

कार्पेट दोनदा धुतलं. वास अजून येतो, असं हिचं म्हणणं आहे. या वेळी मी खिडकी खाली न करता टाकी तपासली. पातळी तेवढीच होती.