सिस्टमरेस्क्यू: विंडोज उघडत नाही, पण फायली हव्या आहेत

विंडोज सुरू झालं नाही म्हणजे फायली गेल्या, असं नसतं. बऱ्याचदा बूटची माहिती बिघडलेली असते किंवा एखादं अपडेट अर्धवट अडकलेलं असतं. फोटो, कागदपत्रं डिस्कवर जागच्या जागी असतात. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं कुणी सांगितलं, तर त्याआधी त्या काढून घ्या. त्यासाठी सिस्टमरेस्क्यू हे फुकट मिळणारं लाइव्ह लिनक्स (विंडोजऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टम) आमच्या मते सगळ्यात भरवशाचं आहे. पूर्वी याचंच नाव सिस्टमरेस्क्यूसीडी होतं. २०१९ पासून ते आर्च या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेलं आहे.

आयएसओ, म्हणजे डाउनलोड करायची फाइल, साधारण एक जीबीची आहे, ४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. दुसऱ्या संगणकावर रूफस या प्रोग्रॅमने तो तयार करा; पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मग लॅपटॉप चालू करताना डेल किंवा लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा.

पहिली अडचण इथेच येते. सिस्टमरेस्क्यू सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टमच सुरू होऊ देणारं संरक्षण) चालू असताना सुरू होत नाही, बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते बंद करावं लागतं. पण नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, बऱ्याचदा मालकाच्या नकळत चालू असतं, आणि सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. ती आधी शोधून कागदावर लिहून घ्या, मगच बायोस उघडा. कुलूपबंद डिस्क लिनक्समधून उघडायलाही तीच लागते. ती नसेल तर कोणतंही साधन कामाचं नाही.

सुरुवातीच्या मेनूत सगळी सिस्टम रॅममध्ये चढवणारा पर्याय आहे. तो घेतला की पेनड्राइव्ह काढता येतो आणि बाहेरच्या डिस्कसाठी पोर्ट मोकळा होतो. पुढे काळा पडदा आणि आज्ञा टाइप करायची ओळ (रूटचा प्रॉम्प्ट) दिसते. घाबरू नका, ‘स्टार्टएक्स’ (startx) टाइप केलं की नेहमीसारखा डेस्कटॉप येतो.

नवख्या माणसाला लिनक्स मिंट हे दुसरं लाइव्ह लिनक्स सोपं वाटेल हे खरं. ते सिक्युअर बूटसह चालतं आणि ड्राइव्हवर क्लिक केलं की फोल्डर उघडतं. डिस्क ठणठणीत असेल तर खुशाल मिंट वापरा. पण डिस्क आजारी असल्याची शंका आली की आम्ही सिस्टमरेस्क्यूच सुचवू, कारण ते आपणहून कोणतीही डिस्क माउंट करत नाही, म्हणजे वापरासाठी उघडत नाही. काय उघडायचं, कसं उघडायचं, हे तुमच्या हातात राहतं. विंडोजची डिस्क नेहमी फक्त-वाचनासाठी माउंट करा. फास्ट स्टार्टअप या झटपट सुरू होण्याच्या सोयीमुळे विंडोज खऱ्या अर्थाने बंद झालेलं नसतं. अशा डिस्कवर लिहिलं तर फाइलसिस्टम बिघडू शकते. डिस्क यादीत दिसतच नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटी किंवा रेड (डिस्क हाताळायच्या खास पद्धती) यावर आहे का बघा, त्यामुळे लिनक्सला डिस्क दिसत नसेल.

आता मरू घातलेल्या डिस्कबद्दल. डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल ही आज्ञा चालवून ‘पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा बघा. तो शून्यापेक्षा जास्त असेल तर फायली एकेक करून ओढत बसू नका. खराब सेक्टरपाशी डिस्क पुन्हापुन्हा धडपडते आणि त्यातच उरलीसुरली जाते. आधी जीएनयू डीडीरेस्क्यू या साधनाने संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलीतली हुबेहूब नक्कल, घ्या. पहिल्या फेरीत ‘एन’ (-n) पर्याय द्या, म्हणजे ते अडलेल्या जागा खरवडत न बसता सहज वाचता येतं ते आधी उचलतं. दुसऱ्या फेरीत तीनदा फेरप्रयत्न सांगा. सोबत मॅपफाइल, म्हणजे किती काम झालं याची नोंद, द्यायलाच हवी. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालतं. १ टीबीच्या डिस्कसाठी १ टीबीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते, आणि ती फॅट३२ नको, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आज्ञेत आधी मूळ डिस्क, मग इमेज. दोन डिस्कांची नावं उलटी पडली तर मूळ माल पुसला जातो, म्हणून एंटर दाबण्याआधी आकार आणि मॉडेल दोनदा ताडून पाहा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. ते काम प्रयोगशाळेचं.

डिलीट झालेल्या फायली शोधणारं फोटोरेक आणि हरवलेली पार्टिशनं शोधणारं टेस्टडिस्कही सिस्टमरेस्क्यूत आहेत. फोटोरेक फायली परत देतं पण नावं नाही, आणि एसएसडीवरून डिलीट झालेलं ट्रिममुळे (मोकळी झालेली जागा खरोखर पुसून टाकणारी सोय) बहुधा मिळत नाही.

कॉपीसाठी आरसिंक ही आज्ञा वापरा. मध्ये तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा द्या, ते उरलेल्या फायलीच घेतं. यूझर्समधलं तुमचं फोल्डर अख्खं घ्या, प्रोग्रॅमांची माहिती ठेवणाऱ्या लपलेल्या अ‍ॅपडेटासकट. वनड्राइव्हच्या काही फायलींची फक्त नावं दिसतील. त्या क्लाउडवरच असतात. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर तो फाँटचा अभाव आहे, नाव शाबूत असतं. आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर असेल, तर विंडोजमधलं फाँट्सचं फोल्डरही उचला. हे फाँट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत; तो फाँट नसेल तर वाचवलेल्या फाइलीत फक्त इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.