न्यूकॅसलची रोमन टूर: त्या एका दगडासाठी तरी कराच

दादा-वहिनी पुण्याहून आले होते, त्यांना घेऊन उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून अर्ध्या दिवसाची रोमन टूर केली, छोटी मिनीबस, आम्ही धरून अकरा जण. गाडी पाऊण तास उशिरा आली आणि साधा फोनपण नाही, त्याचा एक स्टार मी कापलाय. बाकीचे चार पूर्णपणे गाइडबाईंचे.

गाडीतच वाद पेटला. एक काका म्हणाले, रोमनांच्या राजवटीतल्या ब्रिटनमध्ये सिरियन, आफ्रिकन लोक होते असं दाखवतात ते सगळं आजच्या राजकारणासाठी. मागच्या सीटवरची कॉलेजची मुलगी म्हणाली, छे, तेव्हाही इथे आजच्या लंडनसारखीच सगळीकडच्या लोकांची सरमिसळ होती. बाईंनी कोणालाच गप्प केलं नाही, म्हणाल्या आधी दगड बघा मग बोलू.

साउथ शील्ड्सच्या अर्बिया ह्या रोमन किल्ल्याच्या म्युझियममध्ये रेजिनाच्या थडग्यावरचा दगड आहे, 1878 साली सापडलेला. वेताच्या खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर सूत कातायची चाती, शेजारी लोकरीच्या गोळ्यांची टोपली, दुसऱ्या हाताने दागिन्यांची पेटी उघडतेय, चेहरा मात्र फुटलाय. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय की ही कातुवेल्लौनी जमातीची, वय 30, पाल्मायराच्या बाराटेसने गुलामीतून मोकळी केलेली आणि त्याचीच बायको. पाल्मायरा म्हणजे सिरियातलं वाळवंटातलं शहर. लॅटिनचं व्याकरण चुकलेलं, पण त्याखाली एकच ओळ पाल्मायराच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, एकदम सराईत हाताने कोरलेली: बाराटेने मोकळी केलेली रेजिना, हाय रे! बाईंनी अर्थ सांगितला आणि वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. मी इथे बारा वर्षं सगळं इंग्रजीत बोलते, पण रडायची वेळ आली की मराठीच येते तोंडात.

मग बाईंनी दोघांचेही मुद्दे नीट सोडवले. ती जमात लंडनच्या उत्तरेकडची, म्हणजे ब्रिटिश असून रेजिनापण इथे परमुलखातलीच. शिवाय ती गुलाम होती, त्यामुळे सगळे आपखुशीने येऊन आनंदात एकत्र नांदले असं समजू नका. पुढचाच दगड व्हिक्टरचा, वय 20, हा मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा, तोही मोकळा केलेला, आणि त्याचा मालक अस्तुर घोडदळातला, जे मुळात स्पेनमध्ये उभं केलेलं पथक. ह्याच किल्ल्यात नंतर टायग्रिस नदीवरच्या नावाड्यांची तुकडी होती. काका ते वाचत बराच वेळ तिथेच उभे होते.

मला सगळ्यात आवडलं ते हे की बाईंनी ताणलं नाही. किल्ले, बंदरं, शहरं इथे अशी सरमिसळ, पण खेड्यापाड्यांत बहुतेक लोक इथलेच, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दक्षिण इंग्लंडमधल्या बीची हेडजवळच्या रोमन काळातल्या एका बाईच्या सांगाड्याला आधी आफ्रिकन मूळची म्हटलं गेलं होतं, पुढे डीएनएवरून ती दक्षिण इंग्लंडचीच निघाली, हेही त्यांनी स्वतःहून काढलं. दगडावर कोरलेलं नाव-गाव वेगळं आणि कवटीवरून काढलेला अंदाज वेगळा, हा फरक इतका सोपा करून मला आधी कोणी सांगितला नव्हता.

तक्रार एकच, म्युझियमला फक्त चाळीस मिनिटं आणि चहाला अर्धा तास. उलटं करा प्लीज. आणि कॉर्ब्रिजपण टूरमध्ये घ्या, तिथे पाल्मायराच्याच एका माणसाचा दगड सापडलाय, वय 68, नावाची सुरुवात तुटलीय पण उरलेलं बाराटेसशी जुळतं. तोच असेल का ह्यावर परत येताना गाडीत काका आणि ती मुलगी न्यूकॅसल येईपर्यंत बोलत होते.